संस्कृतात एम.ए., तत्त्वज्ञानात एम.ए. की आचार्य?

मे-जून आला की कुणी ना कुणी विचारतंच, "भारतीय तत्त्वज्ञान नीट शिकायचंय, प्रवेश कुठे घेऊ?" विचारणारी कधी बी.ए. झालेली मुलगी असते, कधी नोकरीला कंटाळलेला इंजिनिअर, कधी नुकतेच निवृत्त झालेले काका. पंचाईत अशी की आपल्याकडे या नावाचं एकच दार नाही. संस्कृत विभाग वेगळा, तत्त्वज्ञान विभाग वेगळा, आणि शास्त्री-आचार्य ही पारंपरिक संस्कृत पदव्यांची शिडी तिसरीकडेच. तिन्ही ठिकाणी न्याय (तर्काचं शास्त्र) आणि वेदान्त ही दर्शनं शिकवतात, आणि तरी बाहेर पडणारी माणसं एकमेकांचे पेपर सोडवू शकत नाहीत.

मी स्वतः तत्त्वज्ञानात एम.ए. केलं आणि संस्कृत तिशी ओलांडल्यावर पुन्हा श्रीगणेशापासून शिकले. पुढे कुठे झुकतं माप दिसलं तर त्याचं कारण हे आहे.

एक वाक्य, तीन वर्ग

तुलनेसाठी अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' घेऊ. सतराव्या शतकातलं हे चिमुकलं पुस्तक "बालानां सुखबोधाय", म्हणजे मुलांना सहज कळावं म्हणून, लिहिलेलं. आपण ते एम.ए.ला घाम पुसत वाचतो ही गोष्ट वेगळी. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो? व्याप्तीच्या. तिचं लक्षण तो असं देतो: "यत्र यत्र धूमस्तत्र तत्राग्निरिति साहचर्यनियमो व्याप्तिः", म्हणजे जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, असा बरोबर असण्याचा नियम ती व्याप्ती.

संस्कृत विभागात या वाक्याची आधी फोड होते. 'साहचर्यनियम' हा समास कसा सोडवायचा, 'इति' कुठपर्यंत पोचतो, अन्नंभट्टाची स्वतःचीच 'दीपिका' टीका इथे काय म्हणते. समोर बहुधा आठल्ये-बोडस यांची १८९७ ची आवृत्ती असते आणि तिच्यातल्या टिपा मूळ ग्रंथाच्या कितीतरी पट. पण आठवड्यात न्यायाला मिळतात मोजके तास, कारण त्याच सत्रात वेद आहे, काव्यशास्त्र आहे, व्याकरण आहे, एखादं नाटकही आहे. 'दर्शन' ही तिथे दोन वर्षांतली एक खोली. विशेष विषय म्हणून ती निवडता आली तर बरीच मोठी होते, पण तुमच्या वर्षी ती शिकवणारं माणूस विभागात आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

तत्त्वज्ञान विभागात समासाला कुणी हात लावत नाही. तिथला प्रश्न असा की नियम आहे हे कळलं कसं? शंभर वेळा धूर आणि आग बरोबर पाहिली, एकशे एकाव्या वेळी काय? अनुमानच न मानणाऱ्या चार्वाकाचा आक्षेप येतो, शेजारी तशीच शंका घेणाऱ्या स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमला बसवलं जातं आणि चर्चा रंगते. मला हे वर्ग मनापासून आवडायचे. मग न्यायाचा आचार्य उदयन याचं उत्तर येतं की शंकेलाही सीमा असते. धूर हवा असला की आगच पेटवणाऱ्या माणसाने त्या दोघांच्या संबंधावर शंका घेतली, तर त्याचं वागणंच त्याला खोटं पाडतं. त्यावर बाराव्या शतकातल्या श्रीहर्ष या वेदान्त्याचं प्रत्युत्तर. आम्ही हे दोन्ही इंग्रजी अनुवादात वाचलं, टिपणं काढली, पेपरात लिहिलं, मार्क मिळवले.

दहा वर्षांनी मूळ श्लोक समोर आले तेव्हा मी चक्क हसले. उदयनाच्या श्लोकाचा शेवट "तर्कः शङ्कावधिर्मतः" असा आहे, शंकेची सीमा तर्क, असं मानलेलं आहे. श्रीहर्ष तोच श्लोक उचलतो, दोन-तीन ठिकाणी शब्द फिरवतो आणि शेवट करतो "तर्कः शङ्कावधिः कुतः". 'मतः'च्या जागी 'कुतः', मानलंय म्हणे, पण कुठून? प्रतिपक्षाच्याच काठीने त्याला हाणलेलं आहे आणि मला एम.ए.च्या दोन वर्षांत ते दोन्ही श्लोक एकच आहेत हेसुद्धा कळलं नव्हतं. अनुवाद चुकीचा नव्हता. युक्तिवादातला डंख मात्र उतरला नव्हता.

आता तिसरा वर्ग. आचार्याच्या वर्गात, न्याय हा विषय घेतलेला असेल तर, लक्षण पाठ असतं आणि मग पदकृत्य सुरू होतं. लक्षणातला प्रत्येक शब्द कशासाठी? हा काढला तर अतिव्याप्ती (नको तेही लक्षणात येणं) होते का, तो काढला तर अव्याप्ती (हवं ते निसटणं)? दीपिकेतलं नेमकं लक्षण तिथे विद्यार्थी एका दमात म्हणतो: "हेतुसमानाधिकरणात्यन्ताभावाप्रतियोगिसाध्यसामानाधिकरण्यं व्याप्तिः". सरळ मराठीत, हेतू (इथे धूर) जिथे जिथे असतो तिथे ज्याचा अत्यंताभाव, म्हणजे मुळीच नसणं, कधीच सापडत नाही अशा साध्याबरोबर (इथे आग) त्या हेतूचं एकत्र असणं. संस्कृत विभागातला चांगला विद्यार्थी हा समास सोडवून दाखवेल, तत्त्वज्ञानातला त्याचं चिन्हांकित तर्कशास्त्रात रूपांतर करेल, पण यातलं एक पद हलवलं तर काय कोसळतं हे तडक सांगेल तो आचार्यच. उलट त्याला ह्यूम विचारला तर बहुतेक वेळा शांतता.

ही दरी नवी नाही आणि ती बुजवायचा एक मोठा प्रयत्न पुण्यातच झाला. १९८३ साली मे. पुं. रेगे, दया कृष्ण हे तत्त्वज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक पंडित आणि विद्यापीठीय तत्त्वज्ञ यांना एकत्र बसवलं आणि ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलची विधानांविषयीची मांडणी संस्कृतात उतरवून पंडितांपुढे ठेवली. पंडितांनी तिची चिरफाड केली. असं रोज होत नाही, म्हणून तर चाळीस वर्षांनीही लोक त्याची आठवण काढतात.

दहावीच्या मार्कांवर जाऊ नका

आपल्याकडे दहावीला संस्कृत म्हणजे स्कोअरिंग. पंच्याण्णव मिळालेत म्हणून एम.ए. संस्कृत सोपं जाईल असं वाटणाऱ्यांची पहिल्या सत्रात फार दैना होते. दहावीचं संस्कृत पाठांतरावर तरतं; इथे न वाचलेला उतारा समोर येतो. शांकरभाष्याचं गद्य एकदा लयीत आलं की सुंदर वाटतं, पण तोवर 'ननु' म्हणजे पूर्वपक्ष, समोरच्याचा आक्षेप, सुरू झाला आणि 'उच्यते' म्हणजे उत्तर आलं, एवढं ओळखायलाही महिने जातात. बी.ए. संस्कृत नसेल तर प्रवेश मिळतो का हे विद्यापीठागणिक बदलतं. मिळाला तरी आधीचं एक वर्ष व्याकरणाला द्या.

तत्त्वज्ञानाला कुठल्याही शाखेतून आलेला माणूस तग धरतो. अडचण वेगळीच, की नाव तत्त्वज्ञान असलं तरी निम्म्याहून जास्त अभ्यास पाश्चात्त्य असू शकतो. कांट, विटगेन्श्टाइन, विश्लेषक परंपरा. मला ते लाभलं, पण 'भारतीय'साठी आलेल्या कित्येकांचा विरस होताना पाहिलाय. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून भारतीय पेपर किती आणि त्यांत मूळ ग्रंथ किती, हे मोजा. वाचनयादीत फक्त इतिहासग्रंथ असतील तर समजून चला की षड्दर्शनांची ओळख होईल, गाठ पडणार नाही.

कुठे काय

पुण्यात पर्याय दाटीने आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात दोन्ही विभाग आहेत. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात संस्कृत आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा बृहत्कोश चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचा तो खजिना एकदा तरी बघून यावा. भांडारकर संस्थेची हस्तलिखितं जवळ. पेशवाईत विद्वानांना दिल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं, तेव्हा शास्त्रीपद्धतीकडून विद्यापीठाकडे जाणारी वाट या शहराने दोनशे वर्षं तुडवलेली आहे.

शास्त्री, आचार्य, विद्यावारिधी (बी.ए., एम.ए., पीएच.डी.च्या समकक्ष) या वाटेसाठी रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ, १९९७ चं, आणि केंद्रीय संस्कृत विद्यापीठाचा महाराष्ट्रातला परिसर. गोवा विद्यापीठात संस्कृत आणि तत्त्वज्ञान एकाच छताखाली आणलेत, ही मला शहाणपणाची गोष्ट वाटते. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं तत्त्वज्ञान आहे. संस्कृत मात्र दुरून शिकणं कठीण. कुणीतरी समोर बसून चूक पकडावी लागते.

परदेशाविषयी थोडक्यात. ऑक्सफर्ड, व्हिएन्ना, हायडेलबर्ग इथे भारतविद्येचा कणा आहे पाठचिकित्सा, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणं, त्यामुळे संस्कृतच्या जोडीला तिबेटी किंवा पाली आणि संशोधनासाठी जर्मन वाचन येतंच. बौद्ध तार्किक दिङ्नागाचं 'प्रमाणसमुच्चय' मुख्यतः तिबेटी अनुवादातून टिकलं, म्हणजे बौद्ध प्रमाणशास्त्र (ज्ञान खरं कसं ठरतं याचा विचार) हवं असेल तर तिबेटी ही हौस राहत नाही. पण इथलं व्याकरण कच्चं ठेवून तिकडे जाणं महागात पडतं. तत्त्वज्ञ बिमलकृष्ण मतिलाल कोलकात्यात तर्कतीर्थ ही न्यायाची पारंपरिक पदवी घेऊन मग हार्वर्डला गेले आणि १९७६ मध्ये ऑक्सफर्डच्या स्पॉल्डिंग अध्यासनावर बसले. क्रम लक्षात घ्या.

पोटाचं काय

प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा तिन्हीकडे लागते, आणि नेटमध्ये तत्त्वज्ञान, संस्कृत आणि पारंपरिक संस्कृत विषय हे तीन वेगळे विषय आहेत. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सध्या दरमहा ३७,००० रुपये, पीएच.डी.ची वर्षं निघतात. नाही मिळाली तर तासिका तत्त्वावर शिकवण्याची तयारी ठेवा, ती वर्षं कधी संपतील हे सांगता येत नाही.

शाळेच्या बाबतीत संस्कृत सरळ पुढे आहे. बी.एड. किंवा शिक्षाशास्त्री करून निदान जाहिरातीची वाट तरी बघता येते, शिकवण्याही मिळतात. तत्त्वज्ञान शाळेत विषयच नाही. अकरावी-बारावीला तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र आहेत, पण ते चालवणारी कनिष्ठ महाविद्यालयं मोजकी. स्पर्धा परीक्षेसाठी यूपीएससीत दोन्ही वैकल्पिक म्हणून घेता येतात आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम आटोपशीर. फक्त त्यासाठी दोन वर्षांचं एम.ए. कशाला, हे मला कधी कळलं नाही.

माझा कौल

वय पंचविशीच्या आत, विषय नक्की भारतीय, आणि संस्कृत-तत्त्वज्ञान या दोन्हीपैकी एकच निवडायचंय असं असेल तर मी संस्कृत सांगते. ह्यूम चाळिशीतही वाचता येतो. सूत्रं आणि रूपं चाळिशीत डोक्यात बसवणं किती जिवावर येतं ते मी भोगलंय. पण भाषेची गोडीच नाही, प्रश्न मात्र झोपू देत नाहीत, अशा मुलीला मी संस्कृत विभागात ढकलणार नाही. ती दुसऱ्या सत्रात वाळून जाईल. तिने तत्त्वज्ञान घ्यावं आणि संध्याकाळी एखाद्या शास्त्रीबुवांकडे तर्कसंग्रह लावून घ्यावा. आचार्य सांगते ती फक्त ज्यांच्याजवळ लहानपणापासूनचं पाठांतर आहे त्यांना, किंवा चार-पाच वर्षं एकाच शास्त्राला द्यायची खरीच तयारी आहे त्यांना. निवृत्त काकांना पदवीची गरज नाही, त्यांनी सरळ ग्रंथ लावून घ्यावेत.

आणि अर्ज भरण्याआधी दोन्ही विभागांत जाऊन, विचारून, एकेका तासाला मागच्या बाकावर बसा. शक्यतो सोमवारी नको, पहिला तास कमीच होतो.