दोन तुकड्यांची युरोस्टॉमी बॅग: सोलापूरच्या उन्हात वापरून

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. दोन तुकड्यांच्या युरोस्टॉमी बॅगेला माझे पाचपैकी चार तारे. युरोस्टॉमी म्हणजे मूत्राशय काढल्यावर लघवीसाठी पोटावर केलेली वाट. दोन तुकड्यांची म्हणजे पोटाला चिकटणारी प्लेट वेगळी आणि तिच्या रिंगवर चढवायची लघवीची पिशवी वेगळी. माझी प्लेट कॉन्व्हेक्स आहे, म्हणजे पोटाकडच्या बाजूने फुगीर. पिशवीला तळाशी फिरवायचा नळ आणि आत लघवी उलटी वर चढू न देणारा व्हॉल्व्ह. अर्धा तारा किमतीपायी कापला, अर्धा नळापायी.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला जी प्लेट बसली तिनेच वॉर्डातल्या शेजारच्या कॉटवरच्या माणसाच्या कातडीवर पुरळ उठवलं. नाव वाचून कोणी एकदम तीन बॉक्स मागवायचे आणि मग मला शिव्या घालायच्या, ते नको.

माझी नोकरी महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होती, फिटर म्हणून. सगळी हयात गळत्या काढण्यात गेली. त्यामुळे बॅग हातात आली की मी पेशंट राहत नाही, फिटर होतो, असं घरची म्हणते. खरं आहे. दवाखान्यात सिस्टर पिशवी दाखवत होत्या तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो एनआरव्ही, म्हणजे उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, कुठे बसवलाय हा.

पण ही पिशवी कोणाला लागते ते आधी समजून घ्या. मूत्राशयाचा कॅन्सर म्हटलं की भेटायला येणारा प्रत्येक जण एकदम पोटावरच्या पिशवीवर येतो, आणि ते चूक आहे. निदान होतं तेव्हा दर चारातल्या साधारण तिघांची गाठ मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरतीच असते, स्नायूत उतरलेली नसते. त्यांची गाठ लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खरवडून काढतात. त्याला टीयूआरबीटी म्हणतात. गाठ जहाल जातीची असेल तर पुढे बीसीजी देतात. तीच, लहान मुलांना टीबीची म्हणून टोचतात ती. इथे ती नळीतून मूत्राशयात सोडतात, आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे, आणि पुढे ठरावीक अंतराने परत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ऑन्को-बीसीजी त्यासाठीच असते. माझ्याबरोबर तपासणीला येणारे एक निवृत्त मास्तर बीसीजीवरच आहेत. औषध दोन तास आत धरून ठेवायचं, मग बसूनच लघवी करायची, संडासात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग पाणी सोडायचं, एवढे सोपस्कार ते सांभाळतात. त्यांचं मूत्राशय जागेवर आहे. मात्र दर तीन महिन्यांनी दुर्बीण चुकत नाही, कारण हा आजार परत येण्यात पटाईत.

माझी गोष्ट त्यापुढची. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा, टी-२. युरोथेलियल म्हणजे अस्तराच्या पेशींचा. या आजारात दहातले नऊ जण याच जातीचे. बाकी स्क्वॅमस, अ‍ॅडिनो वगैरे जाती आहेत, पण थोड्या. टी-२ म्हणजे स्नायूत शिरलेला, आणि खरी फाळणी इथेच होते. आधी जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिनचे किमो, मग मूत्राशय आणि प्रोस्टेट काढून टाकायचं ऑपरेशन. काही निवडक पेशंटना गाठ खरवडून, किमो आणि शेक (रेडिएशन) एकत्र देऊन मूत्राशय वाचवता येतं. तेही विचारून घ्या, डॉक्टर आपणहून बोलतीलच असं नाही. आतड्याचं नवं मूत्राशय बनवून लघवी नेहमीच्या वाटेने सोडायचीही सोय असते. माझी गाठ मूत्रमार्गाच्या तोंडाशी होती, म्हणून ते बाद झालं. मग उरलं इलियल कॉन्ड्युट: लहान आतड्याचा वीतभर तुकडा कापून घ्यायचा, दोन्ही किडन्यांच्या नळ्या त्याला जोडायच्या आणि त्याचं एक टोक पोटावर उजवीकडे बाहेर काढायचं. तो स्टोमा. लालचुटूक, ओला, ओठाच्या आतल्या बाजूसारखा. हात लावला तर दुखत नाही, पुसताना थेंबभर रक्त आलं तरी घाबरायचं नाही. काळा-निळा पडला तर मात्र तडक दवाखाना.

याला झाकण नाही. चोवीस तास थेंब थेंब चालू. म्हणून सगळा भार त्या प्लेटवर.

आता प्लेट. गळती पिशवीतून होते असं लोकांना वाटतं. पिशवी क्वचितच फुटते. गळतं ते प्लेट आणि कातडी यांच्या सांध्यातून, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा भोक. स्टोमापेक्षा भोक दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं. त्याहून मोठं कापलं की उघड्या कातडीवर लघवी साचून ती सोलवटते, आणि सोलवटलेल्या कातडीवर पुढची प्लेट धरत नाही. लहान कापलं तर कड स्टोमाला घासते. बॉक्समध्ये मापाचं कार्ड येतं, ते फेकू नका. ऑपरेशननंतर पहिले सहा-आठ आठवडे सूज उतरत असते आणि स्टोमा लहान होत जातो, त्यामुळे दर वेळी नव्याने माप घ्यायचं. आधीच कापलेल्या भोकाच्या प्लेटा मिळतात, त्या या काळात घेऊ नका.

माझा स्टोमा सूज उतरल्यावर कातडीच्या पातळीला आला. सपाट प्लेटखाली लघवी शिरायला लागली. सिस्टरांनी कॉन्व्हेक्स दिली. ती स्टोमाभोवतीचं पोट जरा आत दाबते, त्याने तोंड वर येतं आणि लघवी सरळ पिशवीत पडते. गळती थांबली. पण स्वतःच्या मनाने कॉन्व्हेक्स आणू नका. स्टोमा नीट वर आलेला असेल तर सपाटच बरी, उगाच दाब कशाला.

बदलायची वेळ सकाळची, चहाच्याही आधी. रात्रभर पाणी प्यायलेलं नसतं, त्यामुळे ओघ मंद असतो. जुनी प्लेट वरून खाली, कातडी एका हाताने दाबत सोलायची, ओढायची नाही. गॉजची सुरळी करून स्टोमाच्या तोंडावर धरायची, म्हणजे थेंब तीच पिते आणि दोन्ही बाजू कोरड्या राहतात. कोमट पाण्याने धुवायचं. डेटॉल नको, तेलकट साबण नको, खोबरेल तर नकोच, त्यावर काही चिकटत नाही. टिपून कोरडं करायचं. तोवर नवी प्लेट काखेत धरून ऊब द्यायची. हे सिस्टरांनी सांगितलं तेव्हा मी हसलो होतो, पण उबेने गोंद मऊ होतो आणि धरतो. मग लावून वर तळहात दाबून दोनेक मिनिटं गप्प बसायचं. शेवटी पिशवी रिंगवर, टक् आवाज येईपर्यंत. आवाज आला तरी पिशवी खाली ओढून बघायची. फिटिंग करून हिसका न देता गेलेला फिटर मी पाहिलेला नाही.

सोलापूरचा मे. माहितीपत्रकात प्लेट तीन ते पाच दिवस टिकते म्हणून लिहिलेलं असतं. थंडीत माझी पाचव्या दिवसापर्यंत सहज जाते. पारा बेचाळीसच्या वर गेला की तिसऱ्या दिवशी कड पांढरी पडून उचलायला लागते. घाम वरून, लघवी आतून. कड उचललेली दिसली की वर चिकटपट्ट्या मारत बसू नये, प्लेट बदलावी. उन्हाळ्यात मी दोन उपाय करतो: कातडीवर बॅरियर वाइप (कातडीवर संरक्षक थर देणारा ओला रुमाल) फिरवून ती वाळू देतो, आणि पिशवीला सुती कापडाचं अभ्रं घालतो. प्लास्टिक उघड्या पोटाला घासत राहिलं की घामोळं येतं. घरचीने जुन्या पंच्याची चार अभ्री शिवून दिली आहेत. प्लेटांचा बॉक्स पत्र्याखालच्या खोलीत किंवा गाडीत ठेवू नका, गोंद वितळतो.

आता कापलेल्या अर्ध्या ताऱ्याचं. नळ फिरवायचा आहे, उघड-बंदची खूण म्हणून त्यावर बाण आहे. पण बाण पारदर्शक प्लास्टिकवर पारदर्शकच! रात्री दिवा न लावता अंगठ्याने चाचपून कळत नाही. एका बाजूला रंग नाहीतर खरखरीत रेघ दिली असती तर काम झालं असतं. आठ आण्याच्या प्लास्टिकचा प्रश्न. शिवाय आतड्याचा तुकडा आपला स्वभाव सोडत नाही, तो शेंबडासारखा पांढरा स्राव करतच राहतो आणि त्याचे धागे नळात अडकतात. स्राव येणं नॉर्मल आहे, तो पू नव्हे. पाणी जास्त प्यायलं की धागे पातळ होतात. किडनीच्या डॉक्टरांनी बंधन घातलं नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर.

व्हॉल्व्हला मात्र पैकीच्या पैकी. आडवं झालो, कुशीवर वळलो, तरी पिशवीतली लघवी स्टोमाकडे परतत नाही. हाच व्हॉल्व्ह किडनीला जंतूंपासून राखतो आणि हाच नसतो कोलोस्टॉमीच्या, म्हणजे पोटावरून शौच गोळा करणाऱ्या, पिशवीत. हे ठळक सांगतोय, कारण एका मेडिकलवाल्याने मला कोलोस्टॉमीची पिशवी "सेमच आहे काका" म्हणत बांधून दिली होती. सेम नाही. नळ बघा, व्हॉल्व्ह बघा, मगच पैसे द्या. ऑनलाइन घेतलीत तर रिंगचं माप प्लेट आणि पिशवी दोन्हींवर एकच आहे का ते बघा. मला एका साइटने सत्तावन्न मिलिमीटरची प्लेट आणि पंचेचाळीसची पिशवी पाठवली, आणि उघडलेला माल परत नाही म्हणून वर ऐकवलं.

रात्री पोटावरच्या पिशवीच्या नळाला दोन लिटरची युरोबॅग, म्हणजे नळीची मोठी पिशवी, जोडतो. जोडायचा अ‍ॅडॅप्टर बॉक्समध्ये एखादाच असतो, जपून ठेवा. जोडण्याआधी पोटावरच्या पिशवीत थोडी लघवी राहू द्या. पूर्ण रिकामी असेल तर पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, नळीत हवा अडकते आणि लघवी खाली उतरत नाही. एअर लॉक. हे मला कोणी शिकवावं लागलं नाही. युरोबॅग कॉटच्या पातळीखाली टांगायची, सकाळी एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी घालून खंगाळायची. रात्रीची सलग झोप हा या सगळ्यातला मोठा फायदा. प्रोस्टेटवाले माझे दोस्त चार वेळा उठतात, मी एकदाही नाही.

खर्च: एक प्लेट आणि एक पिशवी मिळून साधारण साडेपाचशे. महिन्याला चार हजारांच्या आसपास, उन्हाळ्यात जास्त. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसलं, पिशव्या आमच्या पेन्शनमधून. आयुष्यभर लागणारी वस्तू चैनीची धरल्यासारखी विकतात, हा माझा राग आहे. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, तिथे चौकशी करा. एका तुकड्याची बॅग स्वस्त पडते आणि शर्टाखाली कमी दिसते. बोटं थरथरत असतील, रिंग दाबता येत नसेल तर तीच घ्या. पण तिच्यात पिशवी बदलायची तर दर वेळी गोंदही सोलावा लागतो. माझी कातडी तेवढी सोसत नाही.

बाकी जगणं. अंघोळ पिशवीसकट करतो. पूजेला बसतो, कुणाला विचारत नाही. पायजम्याची नाडी स्टोमाच्या वर बांधतो. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी, अर्ध्यावर जाऊ द्यायची नाही. वजनाने प्लेट ओढली जाते. पाण्याने भरलेली घागर आता उचलत नाही, स्टोमाशेजारी हर्निया होतो. आतड्याचा तुकडा गेल्यामुळे बी-१२ तपासून घेतो. नवरा-बायकोच्या संबंधांवर ऑपरेशनचा परिणाम होतो, त्यावरही औषध-उपाय असतात. लाज न धरता डॉक्टरांना विचारा, तेही जोडीने. ताप, थंडी, कमरेत दुखणं एकत्र आलं तर वाट बघायची नाही. आणि एक महत्त्वाचं: लघवीची तपासणी सांगितली तर नमुना पिशवीतून देऊ नका. एका लॅबवाल्याने पिशवीतला घेतला, रिपोर्टमध्ये जंतूच जंतू. पिशवीत ते असतातच. नमुना स्टोमात नळी घालून घ्यावा लागतो.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागे दिवसभर होतो. खिशात कापून ठेवलेली एक प्लेट, एक पिशवी, गॉज. काही लागलं नाही.

विड्या सुटल्या. तंबाखूतलं विष किडनी गाळते आणि ते लघवीबरोबर मूत्राशयात तासन् तास पडून राहतं. या आजाराचं ते पहिल्या नंबरचं कारण. दुसरं, रंगाचे कारखाने. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या सर्जनने रंगकामगारांमधल्या अशा गाठी दाखवून दिल्या होत्या. आपलं गाव चादरी-टॉवेलांचं. रंगखात्यात उमेद घालवलेली माणसं लघवी लाल झाली की उन्हाळी लागली म्हणून सब्जा पितात, आणि दुखत नाही म्हणून निवांत राहतात. न दुखता रक्त जाणं हीच याची पहिली खूण. एकदाच दिसलं आणि थांबलं, तरी सोनोग्राफी आणि दुर्बीण करून घ्या.

नव्याने घेणाऱ्यांनी आधी नमुना मागावा. बऱ्याच कंपन्या एखाद-दुसरा फुकट देतात. तीन-चार दिवस लावून, चालून, झोपून बघा, मगच बॉक्स. नळाबद्दल मी कंपनीला फोटोसकट पत्र लिहिलं आहे. रंगीत बाण आला तर तो अर्धा तारा परत देईन.