सात महिने अभ्यंग घेतल्यावर: पहिल्यांदा जाणारींसाठी माझा अनुभव

माझी मान आणि उजवा खांदा दोन वर्षं आखडलेले, दिवसभर लॅपटॉप आणि वर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर. हाडांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नस दबलेली नाही, स्नायू घट्ट झालेत, व्यायाम करा. व्यायाम तर चालूच होता, पण फेब्रुवारीत घराजवळच्या आयुर्वेद क्लिनिकमध्ये अभ्यंगही, म्हणजे अंगभर गरम तेलाची मालिश, सुरू केलं, आता ऑगस्ट संपत आलाय, आधी दर आठवड्याला आणि आता पंधरा दिवसांतून एकदा. मैत्रिणी सारख्या विचारतात काय करतात गं नक्की, कपडे काढावे लागतात का, दुखतं का, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी इतकी अवघडले होते की दारातून परत फिरणार होते. मालिश म्हणजे दिवाळीच्या पहाटे आई तेल लावायची तेवढीच माहिती, नाहीतर जावेच्या बाळंतपणात यायच्या त्या मालिशवाल्या मावशी. पण वैद्य बाईंनी आधी बसवून सगळं विचारलं, बीपी, शुगर, पाळी, दिवस गेलेत का, ऑपरेशन झालंय का, रक्त पातळ करायची गोळी, पोटरीला सूज. हे कोणी विचारत नसेल तर सरळ उठून या, कारण पोटरीच्या शिरेत गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

कपड्यांचं म्हणाल तर बायकांना मालिश करायला बाईच असते. वापरून टाकायची चड्डी देतात, अंगावर चादर असते आणि ज्या भागाचं चालू असेल तेवढाच उघडा. पोट नको असेल, डोक्याला तेल नको असेल तर आधीच सांगायचं. मी पहिल्या वेळी पोट नको म्हटलं, मालिश करणाऱ्या ताई फक्त "बरं" म्हणाल्या आणि पुढे कधी त्यावरून काही विचारलं नाही. तिथेच माझी निम्मी भीती गेली.

टेबल लाकडी असतं, कडेने उंच काठ, तेल खाली ओघळू नये म्हणून. माझ्यासाठी महानारायण तेल वापरतात, तिळाच्या तेलात औषधी वनस्पती शिजवून केलेलं, वास उग्रच. स्टीलची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलेली असते, ताई आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघतात, मग माझ्या हातावर, आणि विचारतात "चालेल का गं एवढं गरम?" मग लांब लांब हात फिरवतात आणि सांध्यांवर गोल. खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला सुपारीएवढी गाठ होती, तिथे अंगठा आला की श्वास अडकायचा. पहिल्या वेळी मी दात आवळून गप्प पडून राहिले, म्हटलं दुखलं म्हणजेच गुण येतो, आणि दुसऱ्या दिवशी हात वर होईना. खूप व्यायाम केल्यावर अंग धरतं ना तसंच, दोन दिवसांत गेलं, पण तेवढं सोसायची काही गरज नव्हती. पुढच्या वेळी "ताई, हळू" म्हटलं तर त्याच म्हणाल्या, अगं बोलत जा, अंग आवळून धरलंस तर माझा हात आत पोचतच नाही. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, गप्प बसू नका.

नंतर वाफेची पेटी, डोकं बाहेर आणि बाकी अंग आत. मला दहा मिनिटं पुरे होतात. उठताना एकदम उठू नका, चक्कर येते, आधी कुशीवर वळा मग बसा, आणि पाय तेलकट असतात तेव्हा जमिनीवर जपून. भरल्या पोटी जाऊ नका, दोनेक तास आधी जेवून घ्या.

याआधी एका ठिकाणी फक्त चौकशीला गेले होते, तिथे तपासणी नाहीच, आल्या आल्या दहा वेळांचं पॅकेज घ्या, शरीरातलं विष बाहेर पडेल म्हणून मागे लागले. विष वगैरे काही मालिशने निघत नाही, ते काम लिव्हर आणि किडनीचं. एक वेळचे पैसे द्या, बघा, मग ठरवा.

गुण किती आला? पहिल्या तीन वेळा फरक दोन दिवसच टिकायचा, झोप मात्र त्या रात्री गाढ. चौथ्या-पाचव्या वेळेपासून मान वळायला लागली, पण जूनमध्ये कामाच्या गडबडीत तीन आठवडे व्यायाम सोडला तर मालिश चालू असूनही खांदा परत धरला. म्हणजे नुसत्या तेलावर भागत नाही, निदान माझं तरी नाही. आता स्कूटर वळवताना मागे बघायला अख्खं अंग फिरवावं लागत नाही, मान वळते, आणि यासाठी मी त्या ताईंची मनापासून ऋणी आहे.

जाताना जुना सुती ड्रेस घाला, तेलाचे डाग निघत नाहीत, आणि केसांना बांधायला एक जुना पंचा बरोबर ठेवा.