हॉलमधली खाच: सुताराचा बॉक्स की चॅनेल-ब्रॅकेट?

मुंबईच्या बहुतेक फ्लॅटमध्ये हॉलच्या एखाद्या कोपऱ्यात कॉलम पुढे आलेला असतो. त्याच्या शेजारी भिंत आत राहते आणि साधारण फूटभर खोल, अडीच-तीन फूट रुंद खाच तयार होते. सोफा तिथे बसत नाही, टीव्ही युनिट शोभत नाही. सामान ठेवायला मात्र हॉलमध्ये याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. जुन्या जाड भिंतींच्या इमारतींत या जागी फडताळ असायचं. आता ते आपणच करून घ्यावं लागतं.

कमी खर्चात करायचं तर दोनच मार्ग खरे. एक म्हणजे सुताराकडून प्लायचा दारांसकट बॉक्स करून घेणं. दुसरा म्हणजे भिंतीवर उभे स्लॉटेड चॅनेल (ओळीने भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या) ठोकून, ब्रॅकेट अडकवून वर फळ्या टाकणं. पार्टिकल बोर्डचं रेडिमेड कपाट मी यादीत धरत नाही. त्याची रुंदी खाचेला क्वचितच जुळते, बाजूला उरलेल्या फटीत झाडू जात नाही आणि फरशी पुसताना पाणी लागून तळ फुगतो.

खर्चाचा अंदाज प्लायच्या शीटवरून घ्या, म्हणजे दर बदलले तरी हिशेब चुकत नाही. 7 फूट उंच, 3 फूट रुंद आणि 1 फूट खोल बॉक्सला दोन बाजू, वरचा-खालचा पाट, मधल्या चार फळ्या आणि दोन दारं मिळून 8 बाय 4 ची 18 एमएमची दोन शीट जवळजवळ पूर्ण संपतात. शिवाय पाठीला 6 एमएमचं एक शीट, दर्शनी बाजूला लॅमिनेट, बिजागऱ्या, हँडल आणि सुताराची चार-पाच दिवसांची मजुरी. ब्रॅकेटच्या मार्गाला 18 एमएमचं एकच शीट पुरतं. त्यातून 3 फुटांच्या आठ फळ्या निघतात. खाच साडेएकतीस इंच किंवा त्याहून अरुंद असेल, तर त्याच शीटमधून बारा निघतात. चॅनेल आणि ब्रॅकेट नागदेवी स्ट्रीटला किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडेही मिळतात.

पैशाचा फरक मोठा आहे, पण मला कौल द्यायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे: ओल.

काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे कॉलम आणि भिंत जिथे भेटतात तिथे उभी चीर पडते. म्हणूनच प्लास्टरच्या आधी त्या सांध्यावर जाळी मारायची असते, आणि नेमकं तेच काम अनेकदा राहून जातं. आपली खाच त्या सांध्याला चिकटूनच असते. भिंत बाहेरची असेल, त्यातही पावसाचा मारा येणाऱ्या पश्चिम-दक्षिणेची, तर जुलैत पहिली ओल इथेच दिसते. बॉक्स असेल तर ती दिसतच नाही. बंद कपाटातून कुबट वास येऊ लागतो, पुस्तकांच्या पाठीवर पांढुरकी बुरशी धरते, पाठीचा प्लाय फुगतो आणि त्याच्यामागे वाळवीला वाट मिळते. भिंत दुरुस्त करायची म्हटलं की आधी अख्खा बॉक्स उपटायचा. बाजूंना पट्ट्या मारून तो खाचेत घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे तो सहसा धड निघत नाही. ब्रॅकेटवरच्या फळ्या मात्र उचलल्या, भिंतीपासून सुटलेला पोपडा खरवडला, चीर भरली, रंग मारला आणि फळ्या परत ठेवल्या, की झालं.

बॉक्सची बाजू घ्यायची तर धूळ. घर रस्त्यावर किंवा रेल्वेलाइनला लागून असेल, तर उघड्या फळ्या रोज पुसाव्या लागतील, आणि हे काम कुणालाच आवडत नाही. अंथरुणं-पांघरुणं, खेळणी, जुने कागद हे हॉलमध्ये उघडं ठेवणंही बरं दिसत नाही. खाच दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीत असेल आणि पलीकडे बाथरूम नसेल, तर बॉक्स जरूर करा. तेव्हा माझा आक्षेप बराच बोथट होतो.

ब्रॅकेट करायचं ठरलं, तर आधी खाचेची रुंदी वर, मध्ये, खाली आणि पुढे-मागे मोजा. अर्ध्या इंचाचा फरक सर्रास निघतो. सर्वात कमी मापापेक्षा फळी 12 एमएम आखूड कापा, नाहीतर ती आत जाताना प्लास्टर ओरबाडते. 3 फुटांच्या फळीला दोन चॅनेल पुरतात. त्यांच्यात 22 इंच अंतर आणि दोन्ही टोकांना 7-7 इंच बाहेर. ही मोकळी टोकं जास्त ठेवली तर ती झुकतात, कमी ठेवली तर फळी मधोमध लवते. पुस्तकं ठासून भरली की एका फळीवर सहज वीस-पंचवीस किलो येतात, म्हणून प्लायचे रेषे लांबीच्याच दिशेने हवेत. फळीला वरून लॅमिनेट लावणार असाल तर खालूनही पातळ लॅमिनेट लावून घ्या. एकाच बाजूला लावलेली फळी पावसाळ्यात वाकते.

ड्रिल करताना पडणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. पहिला अर्धा इंच प्लास्टर, मग लाल भुकटी आली तर वीट. तिथे 8 एमएमची गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात ठोकायचा प्लग) आणि 2 इंची स्क्रू धरतो. मऊ, फिकट भुकटी भसाभस आली तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक आहे. त्यात साधी गिट्टी फिरत राहते, लांब नायलॉनचे प्लग लागतात. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच जातो. आणि खाच थोडी रुंद व्हावी म्हणून कॉलम छिन्नीने तासायला कुणी सुचवलं, तर त्याला कामाला लावू नका.

सर्वात जास्त फसतं ते चॅनेल लावताना. दोन्हींची वरची टोकं लेव्हलमध्ये असूनही फळी तिरकी बसते, कारण कापताना एका चॅनेलचे स्लॉट दुसऱ्याच्या वर-खाली झालेले असतात. पहिला चॅनेल ओळंब्यात पक्का करा. दुसरा फक्त वरच्या एका स्क्रूवर सैल लटकवा, दोन्हींवर ब्रॅकेट आणि फळी ठेवून लेव्हल बघा आणि मगच बाकीची भोकं पाडा. फळीची मागची कड भिंतीपासून अर्धा इंच सुटी राहू द्या, म्हणजे हवा खेळते.

धुळीचा प्रश्न उरतोच, त्यावर तोड अशी: खालच्या अडीच फुटांत पाय असलेलं, भिंतीला न ठोकलेलं बुटकं बंद कपाट ठेवा आणि वर ब्रॅकेट लावा. भाड्याच्या घरात तर हेच करा, जाताना सगळं सोबत नेता येतं आणि मागे फक्त पुट्टीने भरायची भोकं राहतात. काम मात्र पावसाळा संपून भिंत वाळल्यावरच काढा आणि सुताराला गणपती उठल्या उठल्या सांगून ठेवा. दिवाळीच्या तोंडावर एवढ्या छोट्या कामाला कुणी येत नाही.