फौजदारी तक्रार की ताब्याचा अर्ज?

वऱ्हाडातल्या एखाद्या खेड्यात बापाने लेकराला आजोळाहून परस्पर नेले, की आई आधी पोलीस ठाणे गाठते, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली कायदेशीर पालकाच्या ताब्यातून मुलाचे अपहरण केल्यास ७ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. परंतु न्यायालयाचा मनाई आदेश नसेल, तर जन्मदात्या बापावर हा गुन्हा लागत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये म्हटले आहे. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम २५ चा (मुलाचा ताबा परत मागण्याचा) अर्ज संथ चालतो, आदेश मोडणाऱ्यास कलम ४५ चा पहिला दंडही जास्तीत जास्त १०० रुपये (रक्कम त्या काळचीच!), मात्र मूल हजर किंवा परत करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येते. माझ्या मते आधी आदेश मिळवावा, कारण तो हाती असला की पोलिसांतील तक्रारीलाही वजन येते.