सात खणांची गोळ्यांची डबी: रोजच्या गोळीसाठी घ्या, झोपेच्या गोळीसाठी नको

मेडिकलच्या काउंटरवर मिळणारी ही प्लास्टिकची लांबट डबी. सात खण, प्रत्येकाला वेगळं झाकण. बीपी-शुगरवाल्यांसाठी म्हणून विकली जाते. सततच्या चिंतेवर, म्हणजे छातीत धडधड, पोटात गोळा, रात्रभर डोळा न लागणं यावर ज्यांचं औषध चालू आहे त्यांना ती कितपत कामाची, हे इथे पाहिलं आहे.

या आजारात बहुतेकांना रोज एक गोळी असते. एसिटालोप्राम त्यातली नेहमी लिहिली जाणारी. सुरुवात सहसा ५ किंवा १० मिलिग्रॅमने होते. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी बेचैनीही वाढते. त्यात घेतली की नाही हेच आठवत नाही, म्हणून माणूस दुसरी घेतो. डबीचा खरा फायदा इथे आहे. बुधवारचा खण रिकामा, म्हणजे बुधवारची गोळी घेतली. खण भरलेला दिसला आणि झोपण्याआधी लक्षात आलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तर ती सोडा, दोन एकदम घेऊ नका. हे औषध रक्तात निम्म्यावर यायला साधारण ३० तास लागतात, त्यामुळे एका दिवसाच्या चुकीने घाबरायचं कारण नाही. पण सलग चार-पाच खण भरलेले राहिले तर चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटतं. बरं वाटलं तरी गोळी आपल्या मनाने तोडू नये. डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात.

झाकणांवर वारांची फक्त इंग्रजी आद्याक्षरं आहेत, त्यात एस दोनदा आणि टी दोनदा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची हमखास गल्लत होते. वर चिकटपट्टी लावून सोम, मंगळ असं ठळक लिहून घ्या. डबी भरायला गावच्या आठवडी बाजाराचा दिवस धरा, तो कुणी विसरत नाही.

आता डबीत काय घालू नये. क्लोनाझेपाम ०.२५ किंवा ०.५, जिला सगळे झोपेची गोळी म्हणतात, ती बऱ्याचदा थोड्या दिवसांसाठी किंवा ‘फारच घाबरलं तर’ एवढ्यापुरती दिलेली असते. सात खणांत सात गोळ्या बसल्या की ती आपोआप रोजची होते आणि काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते. मग अचानक थांबवली तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित झटकेही येतात. तिचा अंमल दुसऱ्या सकाळीही राहतो, त्यामुळे मोटारसायकल किंवा कडबाकुट्टी चालवणाऱ्याने हे डॉक्टरांना आधी सांगावं. दारूबरोबर तर ती श्वासावरच उठते. तोंडात विरघळणारी असेल तर पट्टीबाहेर दमटपणा लागून तिचा भुगा होतो. ही गोळी पट्टीतच, कपाटात, घरातल्या एका जबाबदार माणसाच्या ताब्यात ठेवा.

काही पट्ट्यांत एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असतं. मग झोपेचा भाग वेगळा कमी करता येत नाही. नाव सारखं वाटलं तरी पट्टीमागची घटकांची ओळ वाचा. क्लोनाझेपाम असेल तर एनआरएक्स (NRx) हे चिन्ह छापलेलं असतं. दुकानदाराने कंपनी बदलून दिली तर जुनी आणि नवी दोन्ही खणात पडत नाहीत ना, हेही बघा.

उन्हाळ्यात मात्र या डबीचे गुण कापावेच लागतात. पट्टीवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं असतं आणि परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, पत्र्याच्या घरात आणखीच. झाकणं सैल, प्लास्टिक पारदर्शक. म्हणून एका वेळी आठवड्याच्याच गोळ्या काढा. डबी माजघरातल्या भिंतीतल्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवा. चुलीजवळ, फ्रिजच्या वर किंवा मोटारसायकलच्या डिकीत नको; फ्रिजमध्येही नको, बाहेर काढताना ओल धरते. पट्टी मुदतीची तारीख असलेल्या टोकाकडून फोडू नका, ते टोक शेवटपर्यंत राहू द्या.

झाकण लहान मूलही उघडू शकतं. घरात पोरं असतील तर कुलूप हवंच.

अंगदुखीसाठी गावात सर्रास इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या जातात. एसिटालोप्राम चालू असताना ट्रॅमाडॉल धोक्याचं, आणि डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. डबीत गोळी ओळखू येत नाही, म्हणून झाकणाच्या आत औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेली चिठ्ठी चिकटवा आणि दवाखान्यात तीच दाखवा.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना सांगून पुढच्या औषधाची सोय लावावी, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स डबीबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या पेशंटच्या मनात मरणाचे विचार आले तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लागतो, मराठीतही बोलता येतं.