नेटवर्किंगचा विद्यापीठाचा सर्टिफिकेट कोर्स: काही महिने कामात वापरल्यानंतर

विद्यापीठाचा कॉम्प्युटर नेटवर्किंगचा सर्टिफिकेट कोर्स पूर्ण करून मी गेले काही महिने नेटवर्क सपोर्टमध्ये काम करते आहे. शिकलेल्यातलं रोजच्या तिकिटांना (म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींना) काय उपयोगी पडतं आणि काय वहीतच राहतं, हे आता नीट दिसायला लागलंय. माझं मत आधीच सांगते: कोर्स जरूर करावा, पण त्याची लॅब पाहून. थिअरी कुठेही वाचता येते. चालू नेटवर्क मुद्दाम बिघडवून पाहायची मुभा मात्र लॅबमध्येच मिळते, आणि मला नोकरीत सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

सुरुवात सगळीकडे होते तशी ओएसआयच्या सात थरांनी, म्हणजे नेटवर्कचं काम सात थरांत मांडणाऱ्या मॉडेलने, झाली. हे मॉडेल आयएसओने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलं. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट त्याआधीच, १ जानेवारी १९८३ला, टीसीपी/आयपी या नियमसंचावर गेलं होतं आणि आजचं इंटरनेटही त्यावरच चालतं. मग हे सात थर पाठ कशाला करायचे, असं वर्गात बरेच जण विचारायचे. कामाला लागल्यावर त्याचं उत्तर मिळतं. ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहिलेलं तिकीट आलं की सुरुवात कुठून करायची ते या थरांमुळे ठरतं: पोर्टचा दिवा लागलाय का, मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) स्विचच्या टेबलात दिसतोय का, आयपी (नेटवर्कमधला पत्ता) मिळालाय का, गेटवेला (आपल्या गटाबाहेर नेणाऱ्या राउटरला) पिंग, म्हणजे पोचतंय का ते तपासणारा छोटा संदेश, जातंय का, नाव रिझॉल्व्ह होतंय का (साइटच्या नावावरून आयपी सापडतोय का). या क्रमाने गेलं की अंदाजाने केबली उपटत बसावं लागत नाही.

सबनेटिंग, म्हणजे नेटवर्क छोट्या गटांत वाटणं, आमच्याकडून कॅल्क्युलेटरशिवाय, हाताने करून घेतलं. तेव्हा कंटाळा यायचा, पण आता त्या सरांचे मनापासून आभार मानते. एका प्रिंटरचं तिकीट आलं होतं. पत्ता १९२.१६८.१०.७०, मास्क २५५.२५५.२५५.१९२, गेटवे १९२.१६८.१०.१. शेजारच्या टेबलावरून प्रिंट निघायची, दुसऱ्या मजल्यावरून निघायची नाही. पत्त्याचा किती भाग गटाचा, ते मास्क सांगतो. हा मास्क म्हणजे /२६ (३२पैकी २६ बिट गटाचे), म्हणजे ६४-६४ पत्त्यांचे गट. पहिला गट ० ते ६३, दुसरा ६४ ते १२७. प्रिंटर दुसऱ्या गटात आणि गेटवे पहिल्या गटात, मग प्रिंटरचं उत्तर बाहेर जाणार कसं? आकडे बघताक्षणी हे लक्षात आलं. हा सराव व्हिडिओ बघून येत नाही, त्यासाठी वह्या भराव्याच लागतात.

आता लॅबबद्दल. आमच्याकडे खरे स्विच आणि राउटर रॅकला लावलेले होते, घरी सरावाला पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर. तीन स्विच त्रिकोणात जोडायचे, स्पॅनिंग ट्री (अशी वर्तुळं तोडणारी स्विचमधली सोय) बंद करायचं आणि एका पीसीवरून पिंग मारायचा, असं एक प्रात्यक्षिक होतं. पिंगच्या आधी जाणारी एकच एआरपी विचारणा (‘हा आयपी कुणाचा?’ असं सगळ्यांना विचारणारी) तिन्ही स्विचमध्ये फिरत राहते, कारण इथरनेटच्या फ्रेमला आयपीसारखा टीटीएल (ठरावीक टप्प्यांनंतर पॅकेट संपवणारा आकडा) नसतो आणि तिला थांबवणारं कुणीच नसतं. क्षणात सगळ्या पोर्टांचे दिवे एकसारखे लुकलुकायला लागले आणि कन्सोलवर टाइप केलेलं अक्षर उमटेना. स्पॅनिंग ट्री चालू केल्यावर एक पोर्ट ब्लॉक झाला आणि सगळं शांत झालं. रेडिया पर्लमन यांनी ही पद्धत १९८५ मध्ये शोधली. ब्रॉडकास्ट स्टॉर्मची, म्हणजे अशा फिरत राहणाऱ्या संदेशांच्या वादळाची, व्याख्या परीक्षेत दोन गुणांना येते, पण तो काय प्रकार असतो ते त्या दुपारी समजलं.

त्याचाच पुढचा धागा नोकरीत सापडला. काही पीसी सुरू केले की त्यांना १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता मिळायचा आणि थोड्या वेळाने आपोआप सगळं सुरळीत व्हायचं. पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर ठणठणीत होता. जुन्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग डेटा पुढे पाठवतो. तोपर्यंत पीसी डीएचसीपीला विचारून थकलेला असतो आणि स्वतःच पत्ता घेऊन बसतो. पीसीकडे जाणाऱ्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट न पाहता पोर्ट लगेच सुरू करणारी सेटिंग) चालू केलं आणि ती तक्रार बंद झाली.

वायरशार्कवर (नेटवर्कवरचे पॅकेट पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) मात्र वेगळा परिच्छेद लिहायलाच हवा. व्हीपीएनमागच्या सर्व्हरवर लॉगिन होतं, पिंग जातं, छोटी फाइल उघडते आणि मोठी फाइल अडकून पडते, असं एक तिकीट बरेच दिवस या टीमकडून त्या टीमकडे फिरत होतं. कॅप्चर घेतल्यावर टीसीपीचे सुरुवातीचे तीन पॅकेट व्यवस्थित दिसले, त्यानंतर मोठा सेगमेंट (डेटाचा तुकडा) तोच तोच पुन्हा पाठवला जात होता. मग तुकडे न करण्याचा फ्लॅग लावून १४७२ बाइटचा पिंग मारला. आयपीचे २० आणि पिंग ज्यावर चालतं त्या आयसीएमपीचे ८ धरून तो बरोबर १५०० होतो. तो गेला नाही. आकार कमी करत नेल्यावर गेला. व्हीपीएनच्या टनेलच्या हेडरमुळे वाटेतला एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १५००पेक्षा कमी होता. तसं कळवणारा आयसीएमपी संदेश फायरवॉलवर अडत होता, कारण तिथे कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलं होतं. पाथ एमटीयू डिस्कव्हरी (वाटेतला हा आकार शोधायची पद्धत) १९९० पासून याच संदेशावर उभी आहे. एमएसएस (टीसीपीच्या एका सेगमेंटमधला कमाल डेटा) कमी करून घेतला आणि फाइल उतरली. आयसीएमपी डोळे झाकून बंद करू नका, हे आमच्या मॅडम दर दोन तासांनी सांगायच्या. त्यांचा तो आग्रह किती योग्य होता, हे मला त्या दिवशी कळलं.

केबल क्रिंप करण्याचं (टोकाला कनेक्टर बसवण्याचं) प्रात्यक्षिकही वगळू नका. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार नीट बसली नाही की लिंक बऱ्याचदा १००वर येऊन बसते आणि लोक ‘नेट स्लो आहे’ म्हणून तक्रार करतात. हे सिम्युलेटर कधीच शिकवणार नाही, कारण त्यातली केबल नेहमी चांगलीच असते.

नाराजीही आहे, आणि ती अभ्यासक्रमावर आहे. पत्त्यांच्या क्लास ए, बी, सी या जुन्या विभागणीवर खूप तास गेले, आणि तिची जागा घेणारं सीआयडीआर तर १९९३ मध्येच आलं. जुनी पद्धत इतिहास म्हणून एका तासात सांगता येते. याउलट आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) शेवटच्या युनिटमध्ये घाईघाईने उरकलं. ३२ बिटांचे सुमारे ४३० कोटी पत्ते पुरत नाहीत म्हणून १२८ बिट आले, एवढं सांगून पुढे गेले. त्यातलं राउटर ॲडव्हर्टाइजमेंट, नेबर डिस्कव्हरी हे सगळं मला नंतर स्वतः शिकावं लागलं. वायफाय फक्त फळ्यावर झालं. पायथनने शंभर स्विचची कॉन्फिग एका वेळी बदलणं वगैरे तर अभ्यासक्रमात नव्हतंच, आणि आज कामावर त्याची सगळ्यांत जास्त उणीव जाणवते. लेखी परीक्षेतही व्याख्या आणि पोर्ट नंबर यांनाच गुण जास्त होते. माझ्या मते निम्मे गुण एखादं कॅप्चर वाचून दोष शोधण्याला हवेत.

‘सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंग प्रमाणपत्र) करू की हा कोर्स?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सीसीएनएची मुदत तीन वर्षांची असते, नंतर ते रिन्यू करावं लागतं. विद्यापीठाच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. अर्ज चाळणारे बहुतेक वेळा सीसीएनएचंच नाव शोधतात, हे खरं आहे. पण तांत्रिक मुलाखतीत मला कमांड फारशा विचारल्या नाहीत. ओएसपीएफ (राउटरांनी आपसात मार्ग ठरवायची पद्धत) वापरणारे दोन शेजारी राउटर एक्सस्टार्टमध्ये (जोडणीच्या एका टप्प्यात) का अडकतात, आरआयपी या तशाच जुन्या पद्धतीला १५ हॉपची (वाटेतल्या टप्प्यांची) मर्यादा का घातली, असे ‘का’चे प्रश्न आले, आणि तिथे विद्यापीठाची थिअरी कामी आली. जमत असेल तर आधी हा कोर्स करा आणि विषय डोक्यात ताजा असतानाच सीसीएनए द्या. उलट क्रमाने केलं तर कमांड हाताशी असतात, पण त्यामागचं कारण पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं.

फॉर्म भरण्याआधी एकदा लॅबमध्ये स्वतः जाऊन या. एका रॅकवर किती विद्यार्थी बसतात, वर्गाच्या वेळेबाहेर लॅब उघडी मिळते का, प्रात्यक्षिक परीक्षा खऱ्या उपकरणांवर होते की स्क्रीनवर, हे शेवटच्या बॅचच्या मुलांना विचारा. आणि कोर्स झाला की नुसत्या प्रमाणपत्रावर थांबू नका. युनिटवार अभ्यासक्रम आणि गुण असलेली प्रत विद्यापीठाकडून शिक्का मारून घ्या. मला मुलाखतीत प्रमाणपत्र बघून झाल्यावर लगेच तीच मागितली होती.