क्युबिक की बीबीआर: मोठ्या फाइली दूर पाठवताना

लिनक्स सर्व्हरवरून मोठ्या फाइली पाठवणाऱ्यांना आज ना उद्या ठरवावं लागतं: टीसीपीचं (इंटरनेटवर डेटा पोचवणाऱ्या नियमांचं) कंजेशन कंट्रोल, म्हणजे गर्दी बघून पाठवायचा वेग ठरवणारी पद्धत, क्युबिकवर ठेवायचं की बीबीआरवर न्यायचं? क्युबिक २००६ पासून लिनक्समध्ये आपोआप लागलेलाच असतो. बीबीआर गूगलच्या अभियंत्यांनी लिहिला आणि २०१६च्या अखेरीस ४.९ कर्नलबरोबर (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आला. बदल फक्त पाठवणाऱ्याच्या बाजूला करायचा, घेणाऱ्याला काहीच करावं लागत नाही.

क्युबिकबद्दल माझी तक्रार एकच, पण तिनेच निकाल लावला. पॅकेट, म्हणजे डेटाचा एखादा तुकडा, हरवलं की तो गर्दी झाली असं धरतो आणि विंडो (पोच येण्याआधी किती डेटा पाठवायचा ती मर्यादा) एकदम ३० टक्क्यांनी कमी करतो. घरातल्या कमकुवत वाय-फायवर गर्दी नसतानाही पॅकेट हरवतात. माझा सर्व्हर युरोपात, फाइली उतरवणारे कोकणात. डेटा जाऊन पोच परत यायच्या एका फेरीलाच दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, आणि गेलेला वेग परत यायला अशा कितीतरी फेऱ्या. वेग जरा चढतो न चढतो तोच पुन्हा कोसळायचा. लाइनमध्ये जागा रिकामी आहे हे माहीत असताना तो आलेख बघत बसणं फार जिवावर यायचं.

बीबीआर हरवलेल्या पॅकेटवरून अंदाज बांधत नाही. वाटेतल्या सर्वांत अरुंद जागेतून किती डेटा जातोय आणि फेरीला कमीत कमी किती वेळ लागतो, हे तो सतत मोजतो व त्या बेतानेच पाठवतो. तो लावल्यापासून संध्याकाळी सुरू केलेली कामं रात्रीच उरकू लागली. मोजमाप मांडून तुलना केलेली नाही, पण घेणाऱ्यांचे ‘अडकलंय का?’ असे फोन जवळपास थांबले.

क्युबिकच्या बाजूनेही बोलायला हवं. एकाच डेटा सेंटरमधल्या दोन मशीनमध्ये मला फरक जाणवला नाही. शिवाय वाटेतल्या राउटरचा बफर (पॅकेटं थोडा वेळ थांबवून ठेवायची जागा) लहान असेल, तर बीबीआरची पहिली आवृत्ती शेजारच्या क्युबिक कनेक्शनांना दाबू शकते आणि पुन्हा पाठवावी लागणारी पॅकेटंही वाढतात. ऑफिसच्या सामायिक लाइनवरून अपलोड करणाऱ्या मशीनवर मी म्हणूनच क्युबिक हलवलेला नाही.

पण लांबची आणि अधूनमधून पॅकेट गाळणारी वाट असेल, तर मला वाटतं बीबीआर आधी लावून बघावा. कर्नल ४.१३च्या आधीचा असेल तर एफक्यू ही पॅकेटं सोडणारी कर्नलमधली रांगही लावा, नाहीतर त्याचं पेसिंगच, म्हणजे पॅकेटं ठरावीक अंतराने सोडणंच, होत नाही. सर्व्हर बंद-चालू करावा लागत नाही, फक्त आधीपासून सुरू असलेली कनेक्शनं जुन्याच पद्धतीने चालतात.